‘त्याच वर्षी’ या दोन शब्दांविषयी

१

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी हटकून भेटते. अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासावरील प्रश्नाला उत्तर देताना विद्यार्थी लिहितात की, १८५७ साली उठाव झाला, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिन्ही विधाने खरी आहेत. मी बरोबरची खूण करतो, गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण वळताना लेखणी क्षणभर अडखळते. कारण ही तीन खरी विधाने शेजारी शेजारी बसली की एक चौथे विधान आपोआप तयार होते : या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे. हे चौथे विधान कुणी उच्चारलेले नसते, म्हणून ते कुणी सिद्धही करत नाही.

‘यमुनापर्यटन’ हिंदू विधवांच्या स्थितीविषयीची कादंबरी आहे. तिचा धागा शोधू गेल्यास तो मीरतच्या छावणीकडे जात नाही. तो जातो आदल्या वर्षी, १८५६ मध्ये संमत झालेल्या विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्याकडे, आणि त्याच्याही मागे त्या प्रश्नावर झडलेल्या वादांकडे. म्हणजे नाते आहे, पण ते वर्षाच्या चौकटीत मावणारे नाही. वर्षाची भिंत ओलांडून जाणारे आहे. ‘त्याच वर्षी’ हे दोन शब्द नात्याचा भास निर्माण करतात आणि नाते दाखवण्याच्या जबाबदारीतून लिहिणाऱ्याला अलगद सोडवतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. समकालीन घटनांचे तक्ते त्यांना आम्हीच फळ्यावर काढून दिलेले असतात.

या दोन शब्दांची खरी किंमत काय, त्यांचा प्रामाणिक वापर कसा करता येतो आणि तो करूनही काय निसटते, याचा विचार मी गेले काही महिने एका फार जुन्या वर्षाच्या आधाराने करत आहे. ते वर्ष म्हणजे इ.स.पू. २१७. या वर्षी भूमध्य समुद्राच्या भोवती लढाया, पराभव आणि तह इतक्या दाटीने घडले की ‘त्याच वर्षी’ म्हणण्याचा मोह कुणालाही व्हावा. आणि या वर्षाला एक असा इतिहासकार मिळाला, ज्याने हा मोह जाणीवपूर्वक पत्करला आणि त्याची कारणेही दिली.

२

प्रथम घटना पाहू. इ.स.पू. २१७च्या वसंतात हॅनिबल आपले सैन्य घेऊन आर्नो नदीच्या दलदलीतून मध्य इटलीत उतरला. आल्प्स ओलांडून आल्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचे हत्ती मरत गेले होते. उरलेल्या एकुलत्या एक हत्तीवर बसून त्याने ती दलदल पार केली. डोळ्यांचा विकार बळावलेला, उपचाराला उसंत नाही. या वाटेवर त्याचा एक डोळा कायमचा गेला. पुढे जूनमध्ये, ट्रासिमीन सरोवराच्या काठी, सकाळच्या धुक्यात, टेकड्यांवर दबा धरून बसलेल्या त्याच्या सैन्याने वाटेने चाललेल्या रोमन फौजेला पाणी आणि डोंगर यांच्यामध्ये कोंडले. कॉन्सल गायस फ्लामिनियस मारला गेला. त्याच्याबरोबर सुमारे पंधरा हजार माणसे कापली गेली किंवा सरोवरात बुडाली. रोममध्ये एका अधिकाऱ्याने सभास्थानी येऊन, काहीही आडपडदा न ठेवता, आपण मोठी लढाई हरलो आहोत एवढेच लोकांना सांगितले.

जवळजवळ याच दिवसांत समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, गाझाच्या दक्षिणेस, राफिया नावाच्या गावाजवळ दोन राजे समोरासमोर उभे राहिले. इजिप्तचा टॉलेमी चौथा आणि सीरियाचा अँटिओकस तिसरा. अलेक्झांडरच्या सेनापतींनी वाटून घेतलेल्या साम्राज्याचे हे पणतू-खापरपणतूंच्या पिढीतले वारस. भांडण दक्षिण सीरियाच्या मालकीचे, पिढ्यानपिढ्यांचे. टॉलेमीकडे ७० हजार पायदळ, ५ हजार घोडेस्वार आणि ७३ हत्ती. अँटिओकसकडे ६२ हजार पायदळ, ६ हजार घोडेस्वार आणि १०२ हत्ती. अँटिओकसने स्वतः घोडदळ घेऊन समोरची एक बाजू उधळून लावली आणि पाठलागाच्या भरात तो लढाईपासून लांब गेला. मध्यभागी त्याचे पायदळ मोडले. त्याचे सुमारे दहा हजार लोक पडले, चार हजारांहून अधिक कैद झाले. दक्षिण सीरिया टॉलेमीकडे राहिला.

आणि तिसरी घटना ग्रीसमध्ये. मॅसिडोनियाचा तरुण राजा फिलिप पाचवा आणि त्याचे ग्रीक मित्र एका बाजूला, एटोलियन संघ दुसऱ्या बाजूला, असे युद्ध इ.स.पू. २२० पासून चालू होते. उन्हाळ्याच्या अखेरीस नॉपॅक्टस येथे दोन्ही पक्ष भेटले आणि तह झाला.

तीन रंगमंच, तीन नाटके. यांतली पात्रेही वयाने जवळजवळची : फिलिप विशीच्या उंबरठ्यावरचा, टॉलेमी आणि अँटिओकस पंचविशीच्या आसपासचे, हॅनिबल तिशीचा. पण ट्रासिमीनच्या धुक्यात मरणाऱ्या सैनिकाला राफिया हे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. एवढेच काय, त्याला स्वतःच्या पायाखालचेही कळत नव्हते. लिव्ही या रोमन इतिहासकाराने सुमारे दोनशे वर्षांनी लिहिताना एक विलक्षण नोंद केली आहे : ही लढाई चालू असताना भूकंप झाला, इटलीतील अनेक नगरांचे मोठे भाग कोसळले, नद्यांचे प्रवाह फिरले, पण लढणाऱ्यांपैकी कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. भूकंपाचे वर्णन कदाचित फुगवलेले असेल. पण समकालीनतेविषयी याहून नेमके चित्र मला दुसरे माहीत नाही. जो घटनेच्या आत असतो त्याला शेजारी घडणारे दिसत नाही. ‘त्याच वेळी’ हे नेहमी बाहेरचा माणूस म्हणतो, आणि बहुधा नंतर म्हणतो.

३

हा बाहेरचा आणि नंतरचा माणूस म्हणजे पॉलिबियस. जन्म इ.स.पू. २००च्या सुमारास, ग्रीसमधल्या मेगॅलोपोलिसचा. मॅसिडोनियाचे राज्य रोमने संपवल्यावर जे हजार प्रतिष्ठित ग्रीक ओलीस म्हणून इटलीत नेण्यात आले, त्यांत तो होता. सोळा-सतरा वर्षे त्याने तिथे काढली. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जळताना त्याने प्रत्यक्ष पाहिले. त्याच वर्षी (इथे हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो, कारण दोन्हींकडे हात एकाच सत्तेचा होता) रोमन सैन्याने ग्रीसमधले कॉरिंथही उद्ध्वस्त केले. पॉलिबियसने चाळीस खंडांचा इतिहास लिहिला. त्यांतले पहिले पाच आज पूर्ण उपलब्ध आहेत, बाकीच्यांचे कमीअधिक तुकडे. त्याचा प्रश्न एकच होता : त्रेपन्न वर्षांच्या आत जवळजवळ सगळे ज्ञात जग एका रोमच्या हाताखाली कसे आले?

या प्रश्नाला उत्तर देताना त्याच्यापुढे जी अडचण आली ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. ती निवेदनाची अडचण होती. एकेका देशाचे युद्ध वेगळे सांगितले तर समग्र चित्र हरवते; सगळे एकत्र सांगितले तर वाचकाचा गोंधळ होतो. आपले कीर्तनकार ही अडचण ‘इकडे काय झाले’ एवढ्या तीन शब्दांत सोडवतात. कथा तिकडे थांबते, इकडे सुरू होते, आणि श्रोत्याला ठाऊक असते की दोन्ही धागे शेवटी गाठीत येणार. पॉलिबियसला ती गाठ कुठे बांधायची हे ठरवायचे होते. त्याने ठरवले : एकशे चाळिसाव्या ऑलिंपियाडचे तिसरे वर्ष. म्हणजे आपल्या गणनेने जे इ.स.पू. २१७ मध्ये संपते ते ग्रीक वर्ष.

या वर्षापर्यंत तो इटलीची हकिगत वेगळी सांगतो, ग्रीसची वेगळी, आशियाची वेगळी. सुरुवाती वेगवेगळ्या होत्या म्हणून कथनही वेगवेगळे. या वर्षानंतर तो पद्धत बदलतो आणि वर्षावर्षाने सगळ्या प्रदेशांची हकिगत बरोबरीने नेऊ लागतो. इतिहासाच्या आशयात बदल झाला असे त्याला वाटते, म्हणून तो निवेदनाचा आकृतिबंध बदलतो. यासाठी तो जो शब्द वापरतो त्याचा अर्थ गुंफण किंवा वीण असा होतो. इटली, आफ्रिका, ग्रीस आणि आशिया यांच्या घडामोडी या वर्षी प्रथमच एकमेकींत गुंफल्या गेल्या, असे त्याचे म्हणणे आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. पॉलिबियस ही गुंफण नुसती जाहीर करत नाही, दाखवतो. धागा कोणता, तो कुणी कुठे नेला, हे सांगतो. फिलिप नेमिया येथील क्रीडामहोत्सवात सामने पाहत बसलेला असताना मॅसिडोनियाहून एक जासूद येतो. पत्रात ट्रासिमीनची बातमी असते. फिलिप ते पत्र एकाच माणसाला दाखवतो आणि गप्प राहायला सांगतो. तो माणूस म्हणजे फॅरोसचा डेमेट्रियस. याला दोनच वर्षांपूर्वी रोमनांनी इलिरियातून हुसकावून लावले होते आणि तो फिलिपच्या आश्रयाला आला होता. डेमेट्रियस सल्ला देतो : ग्रीसमधले हे युद्ध लवकर मिटव, इलिरियाकडे वळ, मग समुद्र ओलांडून इटलीत जा. सल्ल्यात राजाच्या महत्त्वाकांक्षेला घातलेला वारा आहे आणि सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा सूडही. फिलिप तहाला तयार होतो. नॉपॅक्टसला एटोलियन पक्षाचा अगेलॉस सर्व ग्रीकांपुढे भाषण करतो. पश्चिमेला दाटलेले ढग इकडे सरकतील तेव्हा युद्ध करायचे की तह हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही आपल्याला उरणार नाही, असा त्याचा आशय. तह होतो. दोन वर्षांनी, इ.स.पू. २१५ मध्ये, फिलिप हॅनिबलशी करार करतो, आणि रोमचे लक्ष ग्रीसकडे वळते ते कायमचे.

एक लढाई, एक पत्र, एक कान भरणारा आश्रित, एक भाषण, एक तह. इथे ‘त्याच वर्षी’ या शब्दांमागे पुरावा उभा आहे. सरोवराकाठच्या पराभवामुळे ग्रीसमधला तह घडला. हे दोन शब्द कसे कमवायचे असतात याचा हा धडा आहे, आणि तो दोन हजारांहून अधिक वर्षे जुना आहे.

४

इथवर मी पॉलिबियसचा वकील होतो. आता उलटतपासणी.

तो म्हणतो की त्या वर्षी तीन गोष्टी जुळून आल्या : ट्रासिमीन, राफिया आणि नॉपॅक्टस. पैकी पहिली आणि तिसरी त्याने पत्राच्या धाग्याने बांधली. राफियाचे काय? त्याच्या कथनात राफियाला ट्रासिमीनशी जोडणारे पत्र नाही, जासूद नाही, सल्लागार नाही. राफिया गाठीत आहे ती केवळ त्याच वर्षी घडली म्हणून. म्हणजे ज्याने आपल्याला नियम शिकवला, त्यानेच तीनपैकी एका धाग्याला गाठ न मारता नुसते खोचून ठेवले.

इटली आणि इजिप्त यांच्यातला धागा पुढे सापडतो, आणि तोही पॉलिबियसच्याच ग्रंथाच्या एका उरलेल्या तुकड्यात. इ.स.पू. २१०च्या सुमारास रोमने टॉलेमीकडे वकील पाठवले, धान्य मागायला. हॅनिबलच्या युद्धात रोमच्या वेशीपर्यंतची शेती उद्ध्वस्त झाली होती, भाव भडकले होते. नाते होते तर. पण ते सात वर्षांनी, धान्याच्या पोत्यांतून आले. ‘यमुनापर्यटन’चा धागा जसा आदल्या वर्षात सापडतो तसा हा पुढच्या दशकात.

राफियाची खरी कथा तर आणखीच वेगळ्या दिशेने गेली. टॉलेमीच्या सैन्यात वीस हजार देशी इजिप्शियन होते, मॅसिडोनियन पद्धतीच्या लांब भाल्यांनी लढायला शिकवलेले. ग्रीक राजवटीने असा प्रयोग या प्रमाणावर पूर्वी केला नव्हता. लढाई त्यांच्या बळावर जिंकली गेली, आणि जिंकलेल्या माणसाला आपण जिंकू शकतो हे कळले. पॉलिबियस स्वतःच लिहितो की, राजाचा हा निर्णय त्या वेळेपुरता योग्य, पण भविष्याच्या दृष्टीने घातक होता. हे लोक आता हुकूम ऐकेनासे झाले आणि आपल्यातला नेता शोधू लागले. काही वर्षांत उठाव झाले. इ.स.पू. २०५ मध्ये दक्षिण इजिप्तने थीब्झ येथे आपला स्वतंत्र फेरो जाहीर केला आणि ते राज्य इ.स.पू. १८६ पर्यंत तगले. ज्या रोझेटा शिलेमुळे पुढे जगाला इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, ती इ.स.पू. १९६ची शिलाही या उठावांच्या धामधुमीतली आहे. बंडखोरांना दिलेल्या शिक्षेचा उल्लेख तिच्यावर कोरलेला आहे.

या उठावाविषयी पॉलिबियस काय म्हणतो? परस्परांवरचे क्रौर्य आणि बेबंदशाही सोडली तर त्यात नियमित लढाई नव्हती, आरमारी युद्ध नव्हते, वेढा नव्हता, सांगण्याजोगे काही नव्हते, असा त्याचा अभिप्राय आहे.

हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. जो माणूस सगळ्या जगाची वीण दाखवायला निघाला, ज्याने एकेका देशाचा इतिहास वाचणाऱ्यांची तुलना प्राण्याचे तुटके अवयव पाहून सबंध जिवंत प्राणी पाहिल्याचे समाधान मानणाऱ्यांशी केली, त्याच्या दृष्टीने एका देशाने जवळजवळ वीस वर्षे स्वतःचा राजा उभा करून ठेवणे हे सांगण्याजोगे नव्हते. कारण उघड आहे. त्याच्या कथेचा शेवट ठरलेला होता, आणि तो रोम होता. जे धागे रोमच्या दिशेने जातात ते वीण ठरले. जे जात नाहीत ते सुटे दोरे. इ.स.पू. २१७ हे वर्ष गाठ झाले ते इ.स.पू. १४६ मधून मागे वळून पाहिल्यामुळे. कार्थेजच्या राखेजवळ उभे राहिल्यावरच पश्चिमेचे ते ढग इतके स्पष्ट दिसतात. अगेलॉसला ते तसे दिसले असतील का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्याच एटोलियन संघाने पुढे सहा वर्षांच्या आत त्या ढगांशी, म्हणजे रोमशी, फिलिपविरुद्ध करार केला, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

५

आता त्या वर्षात आणखी पूर्वेकडे जाऊ, जिथे पॉलिबियसची नजर पोहोचली नव्हती. चीनमध्ये हे वर्ष म्हणजे चिनच्या राजाचे, म्हणजेच चीनच्या पहिल्या सम्राटाचे, तिसावे राज्यवर्ष. सीमा छ्यान हा चीनचा थोर इतिहासकार. शतकभराने त्याने या सम्राटाची वर्षवार हकिगत लिहिली. या वर्षासमोर त्याची नोंद अवघ्या दोन-तीन शब्दांची आहे आणि तिचा आशय असा की काही घडले नाही.

‘इ.स.पू. २१७ साली सारे प्राचीन जग युद्धाच्या वणव्यात होते’ असे वाक्य लिहायला बसलेल्या माणसाने ही नोंद डोळ्यांपुढे ठेवावी. पण ती ठेवताना तिच्यावरही विश्वास टाकू नये. आदल्याच वर्षी या सम्राटावर वाटेत प्राणघातक हल्ला झाला होता. दोन वर्षांनी त्याने तीन लाखांचे सैन्य उत्तर सीमेवर पाठवले. या दोन्हींच्या मधल्या वर्षी साम्राज्यातल्या वेठबिगाऱ्यांच्या आयुष्यात ‘काही घडले नाही’ असे मानणे कठीण आहे. वीण हा जसा लेखकाचा निर्णय असतो तशी रिकामी ओळ हाही असतो.

आणि त्या रिकाम्या ओळीत एक माणूस पुरलेला आहे. हे मी अक्षरशः म्हणतो. १९७५च्या डिसेंबरात हुबेई प्रांतातल्या युनमेंग येथे एक कबर उघडण्यात आली. तिच्यात चिन राजवटीतला एक कनिष्ठ अधिकारी होता. आपल्या भाषेत कारकूनच म्हणू. त्याच्या नावाचा अर्थ आनंद. त्याच्या देहाभोवती बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या ठेवलेल्या होत्या : कायदे, तपासाचे नियम, शुभाशुभ दिवसांच्या याद्या आणि एक छोटी वर्षवार नोंद. इ.स.पू. ३०६ पासून इ.स.पू. २१७ पर्यंत, एकेक वर्ष, एकेक ओळ.

या नोंदीत बहुतेक ठिकाणी एवढेच आहे की अमक्या वर्षी अमक्या गावावर हल्ला केला. इ.स.पू. २६२च्या ओळीत एका ठाण्यावरील हल्ल्याची नोंद आहे आणि लगेच पुढे, अमुक महिन्यात, कोंबडा आरवण्याच्या वेळी, या माणसाचा जन्म. दोनच वर्षांनी चांगपिंगवरचा हल्ला येतो. त्या लढाईत चार लाखांहून अधिक माणसे मेल्याचे सीमा छ्यान सांगतो. कारकुनाच्या नोंदीत फक्त गावाचे नाव. पुढे नोकरीतल्या नेमणुका, वडिलांचा मृत्यू, आईचा मृत्यू, मुलांचे जन्म. सगळे राज्यांच्या पाडावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. एकदा सम्राट त्याच्या गावावरून गेला, तीही नोंद. शेवटची ओळ तिसाव्या वर्षाची. वर्षाचा आकडा आहे, पुढे काही नाही. त्या सुमारास तो गेला. वय पंचेचाळीस-शेहेचाळीस, म्हणजे माझ्याच आसपासचे.

आपल्याकडे या दोन लेखनवृत्तींना दोन स्वतंत्र नावे आहेत : बखर आणि शकावली. बखर गुंफते, कारणे देते, नायक उभा करते. शकावली ओळीखाली ओळ मांडते. जेधे शकावलीत शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत. देशमुखांच्या घरातले प्रसंग आणि राज्यातले प्रसंग तिथे एकाच रांगेत बसतात. शकावली ही बखरीची पूर्वतयारी, कच्चा माल, असे आपण शिकवतो. त्या कारकुनाच्या पट्ट्यांविषयी वाचल्यापासून मला तसे म्हणवत नाही. शकावलीचा एक स्वतंत्र प्रामाणिकपणा असतो. जन्म आणि हल्ला एका ओळीत आले म्हणून त्यांचे नाते आहे असे ती म्हणत नाही, आणि नाही असेही म्हणत नाही. जे जगले ते जगले त्या क्रमाने ठेवते.

भारताचे काय? पॉलिबियसच्या इतिहासात त्या वर्षी आपण आहोत, हत्तींच्या रूपाने. अँटिओकसचे हत्ती भारतीय होते. टॉलेमीच्या आफ्रिकी हत्तींपैकी बहुतेकांना त्यांचा वास आणि चीत्कार सहन झाला नाही, ते उलटे फिरले आणि आपल्याच फळीत घुसले, असे तो सांगतो. या घराण्याचा हत्तींशी संबंध जुना. त्याचा मूळ पुरुष सेल्युकस याला चंद्रगुप्त मौर्याने तहात पाचशे हत्ती दिले होते. राफियानंतर अकरा वर्षांनी अँटिओकस हिंदुकुश ओलांडून आला आणि ग्रीक ज्याला सोफागसेनस म्हणतात त्या भारतीय राजाकडून आणखी हत्ती घेऊन परतला. इथे मात्र त्या काळाची वर्षे लावणारा कारकून नाही. अशोकानंतरच्या मौर्य राजांची नावे पुराणे देतात, राज्यवर्षेही देतात, पण एका पुराणाची यादी दुसऱ्याशी जुळत नाही. ज्याच्याकडे पंचांगाला बांधलेली नोंद आहे, त्याचेच वर्ष ‘घडते’. बाकीच्यांचे हत्ती तेवढे इतिहासात येतात.

६

हे सगळे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, राफिया म्हणजे आत्ताचे रफाह का?” होय, तेच. २०२४ साली हे नाव रोज वर्तमानपत्रांत येत होते. गाझापट्टीतून विस्थापित झालेली दहा लाखांहून अधिक माणसे त्या दक्षिण टोकाला गोळा झाली होती आणि मे महिन्यात तिथे लष्करी कारवाई सुरू झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा उठून निघावे लागले. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणाले, “म्हणजे तिथे तेव्हापासून हेच चालू आहे.”

मला या वाक्याची भीती वाटली. ‘त्याच वर्षी’ची ती सख्खी बहीण : ‘त्याच जागी’. दोन राजांच्या भाडोत्री सैन्यांची लढाई आणि आजच्या विस्थापितांचे तंबू यांच्यात जागेच्या नावाखेरीज धागा दाखवता येणार नाही. तो आहे असे मानले की आजच्या माणसांचे दुःख जणू प्राचीन प्रारब्धाचा भाग होऊन जाते आणि त्याला कारणे असतात, निर्णय घेणारी माणसे असतात, हे विसरायला सोय होते. खोट्या धाग्याचे हे नुकसान परीक्षेतल्या गुणांपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

तर मग ‘त्याच वर्षी’ लिहूच नये का? तसे मला म्हणायचे नाही. आडवा छेद घेतल्याशिवाय आपापल्या भाषेच्या आणि प्रांताच्या कोठड्यांतून बाहेर पडता येत नाही, हे पॉलिबियसचे म्हणणे मला आजही पटते. पण हे शब्द लिहिणाऱ्याने तीन गोष्टींची तयारी ठेवावी. पहिली, धागा दाखवावा : पत्र कुणी आणले, कुणी वाचले, पोते कुठून कुठे गेले. दुसरी, आपण कुठे उभे राहून मागे पाहतो आहोत हे सांगावे. कारण वर्षाची गाठ वर्षात नसते, पाहणाऱ्याच्या जागेत असते. तिसरी, आणि सर्वांत कठीण : जो धागा आपल्या कथेत बसत नाही त्याला ‘सांगण्याजोगे काही नाही’ म्हणून टाकू नये. बसत नाही, असे लिहून तो तसाच लोंबता ठेवावा. कधी तरी कुणी तरी थीब्झच्या बाजूने ही वीण वाचायला घेईल, तेव्हा त्याच्या हाताला तो लागला पाहिजे.

वाङ्मयेतिहासाच्या आमच्या तासाला याचा अर्थ साधा आहे. १८५७चा तक्ता मी यंदाही फळ्यावर काढीन. फक्त ओळी जोडणारे बाण काढणार नाही. ते विद्यार्थ्यांनी काढायचे, आणि प्रत्येक बाणाखाली लिहायचे की ही बातमी कुणाच्या हातून कुणाकडे गेली. ज्यांना असे काही सापडणार नाही त्यांनी ओळ तशीच सोडायची. त्या कारकुनाने आपल्या शेवटच्या वर्षापुढची जागा सोडली, तशी.